लाटांचं पांघरूण: क्रोशाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गोव्यात फोंड्याला राहते. गेली बारा-तेरा वर्षं नात्यातल्या आणि शेजारपाजारच्या माणसांसाठी क्रोशाची रंगीत पांघरुणं विणते. एखाद्या बारशाला किंवा लग्नात पांघरूण पाहिलं की कोणीतरी माझा नंबर घेतं आणि मग फोन सुरू होतात. वहीत लिहून ठेवलेले प्रश्न इथे एकत्र केलेत. सुरुवातीचे अगदी नवशिक्यांसाठी आहेत, शेवटचे अडलेल्यांसाठी.

१. लाटांची वीण म्हणजे नेमकी कोणती? झिगझॅगपेक्षा ती वेगळी कशी?

दोन्हींचं मूळ एकच. ओळीत ठरावीक अंतराने टाके वाढवायचे आणि ठरावीक अंतराने कमी करायचे. वाढवलेल्या जागी डोंगर उठतो, कमी केलेल्या जागी दरी पडते. वाढ आणि घट एकाच टाक्यावर केली तर टोकदार चोच येते, तो झिगझॅग. ती शेजारच्या दोन टाक्यांत वाटून दिली की वळण गोल होतं आणि मिरामार किनाऱ्यावरच्या संध्याकाळच्या पाण्यासारखी मऊ लाट मिळते. मी या गोल लाटेबद्दलच लिहितेय. झिगझॅगमध्ये पुष्कळदा दरीतले टाके सोडून पुढे जातात, त्यामुळे तिथे भोकं राहतात. गोल लाटेत एकही टाका सोडायचा नसतो, म्हणून कापड भरीव होतं.

२. गोव्यात एवढ्या उकाड्यात लोकरीचं पांघरूण घेणार कोण?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलाय, तोही बहुतेक वेळा मे महिन्यात! खरं सांगायचं तर पणजी-म्हापशाला पंख्याखाली झोपणाऱ्याला ते फार तर डिसेंबर-जानेवारीत पहाटे लागेल. पण आता पुष्कळ घरांत एसी आहे, आणि एसीत पायांवर काहीतरी हलकं हवं असतं. वाळपई, केरी, मोले या घाटाच्या पायथ्याच्या गावांत थंडीतली पहाट किनाऱ्यापेक्षा गार असते. मुलं पुण्याला, बेळगावला शिकतात, कोणी पोर्तुगालला, कोणी इंग्लंडला आहे. म्हणून मी पांघरूण सुरू करण्याआधी एकच गोष्ट विचारते: हे माणूस झोपतं कुठे? धागा, जाडी, माप, सगळं त्या उत्तरावरून ठरतं. रंगसुद्धा पुष्कळ अंशी त्यावरच.

३. धागा कोणता घेऊ? दुकानदार सगळ्यालाच लोकर म्हणतो.

म्हणतो खरा. बाजारात ‘लोकर’ म्हणून मिळणारी बरीचशी लडी ॲक्रिलिकची, म्हणजे कृत्रिम धाग्याची, असते. त्यात वाईट काही नाही, फक्त आपण काय घेतोय ते माहीत हवं. लेबल हरवलं असेल तर बोटभर तुकडा चिमट्यात धरून, बेसिनवर, काडीने पेटवून बघा. खऱ्या लोकरीला केस जळल्यासारखा वास येतो, ज्योत लवकर विझते आणि राख बोटांत चुरली जाते. सूत कागदासारखं जळतं. ॲक्रिलिक वितळतं आणि त्याची कडक गुठळी होते.

आता निवड. एसीच्या खोलीसाठी ॲक्रिलिक चांगलं: हलकं, लवकर वाळतं, रंग भरपूर, कसर लागत नाही. पण त्यातून हवा फारशी खेळत नाही, पंख्याखाली झोपणाऱ्याला घाम येतो. त्याच्यासाठी सूत. सुती पांघरूण अंगाला थंड लागतं आणि छान पडतं, मात्र त्याच मापाचं ॲक्रिलिकपेक्षा जड होतं आणि पावसाळ्यात वाळता वाळत नाही (प्रश्न १५ पाहा). खरी लोकर मी फक्त थंड मुलखात जाणाऱ्यांसाठी वापरते. आपल्या दमट हवेत तिला कसर आणि बुरशी दोन्हींपासून जपावं लागतं, आणि ती काळजी पांघरूण घेणाऱ्याच्या गळ्यात मारणं मला बरं वाटत नाही.

एक सूचना मनापासून: वयस्कर माणूस समईजवळ, निरांजनाजवळ बसत असेल तर त्याला ॲक्रिलिक देऊ नका. ते वितळून कातडीला चिकटतं.

४. आजीच्या डब्यात क्रोशाच्या सुया सापडल्या. त्या चालतील का?

त्या बारीक स्टीलच्या असतील तर नाही. त्या पांढऱ्या दोऱ्याच्या कामाच्या. गोव्यात पोर्तुगीज काळात क्रोशे घरोघरी रुजलं. जुन्या घरांत मेजावरचे रुमाल, उशांच्या कडा, देव्हाऱ्यासमोरचे पडदे अजून दिसतात, ते सगळं अशा सुयांचं काम. क्रोशे हा शब्दच मुळात फ्रेंच, अर्थ छोटा आकडा, म्हणजे हूक. पांघरुणासाठी मध्यम जाडीच्या, डबल निटिंग म्हणून मिळणाऱ्या धाग्याला ४ मिलिमीटरची सुई घ्या. हात घट्ट असेल तर ४.५. आजीच्या सुया मात्र जपून ठेवा, धाग्याची सुटी टोकं लपवताना दाट विणीतून धागा ओढायला त्यांच्याइतकी चांगली वस्तू नाही.

५. व्हिडिओत ‘डबल क्रोशे’ म्हणतात, मी तसंच केलं तरी माझी वीण बुटकी येते. का?

कारण अमेरिकन आणि ब्रिटिश नावं वेगळी आहेत. सुईवर एक वेढा घेऊन केलेला साधा खांब अमेरिकन लोकांचा ‘डबल’ आणि ब्रिटिशांचा ‘ट्रेबल’. ब्रिटिश ज्याला ‘डबल’ म्हणतात तो आपला मुका खांब, म्हणजे वेढा न घेता केलेला. तुम्ही बहुधा अमेरिकन कृती ब्रिटिश नावाने वाचली. कृतीत कुठेही ‘सिंगल क्रोशे’ दिसलं तर ती अमेरिकन, ब्रिटिश पद्धतीत ते नावच वापरत नाहीत.

या पानावर मी आपलीच नावं घेतलीत: साखळी, मुका खांब, अर्धा खांब (एक वेढा, तिन्ही फासे एकदम बंद), खांब (एक वेढा, दोन-दोन करून बंद) आणि लांब खांब (दोन वेढे).

६. साखळ्या किती घालायच्या? पूर्ण कृती सांगाल का?

एका लाटेला १४ टाके. लाटा जितक्या हव्या तितक्या वेळा १४, आणि वर ३ साखळ्या. माझ्या हाताने ४ मिलिमीटरच्या सुईवर एक लाट साधारण ७ सेंटिमीटर रुंद येते. तुमची वेगळी येईल, म्हणून आधी दोन लाटांचा, म्हणजे ३१ साखळ्यांचा, नमुना सहा-सात ओळी विणून मोजा. माझी ठरलेली मापं अशी: बाळासाठी ११ लाटा (१५७ साखळ्या), सोफ्यावर किंवा पायांवर घ्यायला १५ लाटा (२१३ साखळ्या), मोठ्या माणसाला पलंगावर १८ लाटा (२५५ साखळ्या).

पहिली ओळ: सुईपासून चौथ्या साखळीत एक खांब. सोडलेल्या ३ साखळ्या हाही एक खांबच धरायचा, म्हणजे कडेला दोन खांब झाले. मग पुढच्या ४ साखळ्यांत एकेक खांब. नंतर दोन साखळ्यांवरचे खांब एकत्र बंद करा, पुन्हा पुढच्या दोन एकत्र, ही दरी. परत ४ साधे खांब. मग एका साखळीत दोन खांब, पुढच्या साखळीतही दोन खांब, हा डोंगर. परत ४ साधे, दरी, ४ साधे, डोंगर असं जात राहा. शेवटच्या दरीनंतर ४ साधे खांब आणि अगदी शेवटच्या साखळीत दोन खांब.

पुढची प्रत्येक ओळ: ३ साखळ्या, त्यांच्याच बुडातल्या टाक्यात एक खांब, आणि बाकी सगळं वरच्याप्रमाणे. शेवटचे दोन खांब मागच्या ओळीच्या त्या ३ साखळ्यांच्या माथ्यावर येतात. ओळ कितवीही असो, टाके तेवढेच राहिले पाहिजेत: १५ लाटांना २१०, एकही कमी नाही, एकही जास्त नाही.

७. दोनशे-अडीचशे साखळ्या मोजताना दर वेळी चुकते. काही उपाय?

दर १४ साखळ्यांना वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची गाठ किंवा सेफ्टी पिन लावा. त्यापेक्षाही सोपं म्हणजे पाच-दहा साखळ्या मुद्दाम जास्त घाला. पहिली ओळ पूर्ण झाल्यावर उरलेल्या साखळ्या सुरुवातीच्या गाठीकडून सोडवता येतात. साखळी घालताना एक नंबर मोठी सुई वापरा, आणि ओळ सुरू करताना पुन्हा ४ ची घ्या. घट्ट साखळीमुळे खालची कड आवळली जाते आणि ते नंतर कशानेही सुटत नाही. माझं पहिलं पांघरूण असंच खाली चुण्या पडलेलं आहे. ते मी कोणाला दिलं नाही, घरीच वापरते.

८. लोकर किती आणू? अर्ध्यात संपली तर?

माझ्या हाताला ॲक्रिलिक साधारण असं लागतं: बाळाच्या ७५ × ९० सेंटिमीटरच्या पांघरुणाला ४०० ग्रॅम, १०५ × १४० ला ९०० ग्रॅमच्या आसपास. सूत घेतलं तर वजन आणखी जास्त धरा. स्वतःचा हिशेब काढायचा तर स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. दोन ओळी विणण्याआधी आणि नंतर गुंडा तोला, फरकाला दोनने भागा, एकूण ओळींनी गुणा. खांबाची एक ओळ साधारण १.१ सेंटिमीटर उंच होते, म्हणजे ९० सेंटिमीटरला ८० ओळी.

लेबलवर रंगाचा लॉट क्रमांक छापलेला असतो. एकाच रंगाचे अनेक गुंडे घेताना तो सारखा आहे का पाहा. नंतर त्याच नावाचा रंग आणला तरी छटा किंचित वेगळी निघते. लाटांच्या पांघरुणात हे फारसं खटकत नाही, कारण दोन छटा शेजारी येतच नाहीत. त्यांच्यात चार-पाच रंगांच्या ओळी ठेवा. सगळ्या कडेला एकच रंग लावणार असाल तर तेवढी लोकर पहिल्या दिवशीच बाजूला काढून ठेवा.

९. पांघरूण वर वर अरुंद होत चाललंय. मी कुठे चुकते?

दहातल्या नऊ वेळा शेवटच्या टाक्यात. मागच्या ओळीच्या ३ साखळ्या कडेला मागे वळलेल्या असतात आणि त्यांचा माथा दिसतच नाही. तो सुटला की ओळीत वाढ होते एकच आणि टाके कमी होत जातात. त्या साखळ्या घातल्याबरोबर तिसरीत पिन अडकवून ठेवा, परत येताना चुकणार नाही.

लाट बाजूला सरकत असेल तर चूक वेगळी. डोंगरावर चार खांब असतात, त्यांतल्या मधल्या दोघांतच पुढच्या ओळीची वाढ आली पाहिजे. दरीत घट झालेले दोन माथे असतात. त्यांतला एकेक माथा शेजारच्या एकेका साध्या खांबाबरोबर बंद होतो. हे डोळ्यांना एकदा कळलं की मोजावंच लागत नाही.

उसवायचं की नाही? एका लाटेत एकच टाका कमी पडला असेल तर पुढच्या ओळीत उतारावर एका टाक्यात दोन खांब घाला, कोणाला कळणार नाही. कडेचे टाके सहा-सात ओळी सुटले असतील तर उसवा. वाईट वाटतं, पण तिरकी कड पांघरूण असेपर्यंत तिरकीच राहते.

१०. माझ्या लाटा उठतच नाहीत, कापड झालरीसारखं फुगतं.

टाके वाढताहेत पण कमी होत नाहीत. दरी मोजा: प्रत्येक दरीत दोनदा ‘दोन एकत्र’ आलं पाहिजे. लाटा फक्त चपट्या वाटत असतील, पण टाक्यांचा आकडा बरोबर असेल, तर काही करू नका. पाच-सहा ओळींनंतर त्या आपोआप खोल दिसतात.

११. रंग कसे निवडता? मी लावले की गोंधळ दिसतो.

यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कधीकधी आठवडाभर. लग्नपत्रिकेची एक पट्टी कापा आणि तिच्यावर प्रत्येक रंगाचे दोन-तीन वेढे शेजारी शेजारी गुंडाळा. ती पट्टी दिवसाच्या उजेडात बघा. ट्यूबलाइटखाली जांभळा आणि तपकिरी दोन्ही फसवतात. मग मोबाइलवर तिचा कृष्णधवल फोटो काढा. सगळे रंग एकाच करड्या छटेचे दिसले तर लाट उठून दिसणार नाही. गोंधळ बहुधा रंग जास्त झाल्यामुळे नसतो, फिके-गडद यांतला फरक कमी पडल्यामुळे असतो. एक-दोन फिके रंग, साय, लोण्याचा रंग, फिकट करडा, आत घाला, सगळं शांत होतं.

रंग शोधायला मी घराबाहेर बघते. एका मैत्रिणीच्या मुलीसाठी चवथीची (गणेश चतुर्थीची) माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात ती फळापानांची मांडणी, समोर ठेवून रंग घेतले: पिकलेल्या सुपारीचा केशरी, आंबाड्याचा हिरवा, तोरिंगाचा (लिंबाच्या कुळातलं मोठं फळ) पिवळट, केळीच्या सोपटाचा जांभळसर तपकिरी, नारळाच्या शेंडीचा मातकट. त्यात अबोलीची एकच ओळ दर दहा ओळींनी. ती मुलगी आता परदेशात आहे आणि चवथीला येता आलं नाही तर ते पांघरूण पाटाखाली अंथरते. भिरंडाचा (कोकमाचा) लाल, पावसातल्या शेताचा हिरवा, पणजीतल्या जुन्या फोंतेन्हास वाड्यातल्या भिंतींचा पिवळा आणि निळा, असे संच आपल्या भोवती खूप आहेत. ज्याला द्यायचंय त्याचं घर, त्याचं परसू, त्याच्या आईची आवडती साडी आठवा, तिथून सुरुवात करा.

क्रम आधी ठरवलाच पाहिजे असं नाही. मी दोनच नियम पाळते: एक रंग पाच ओळींच्या आत परत येत नाही, आणि दोन गडद रंग एकमेकांना चिकटत नाहीत. गडद लाल किंवा निळं सूत फिक्याशेजारी लावण्याआधी ओल्या पांढऱ्या फडक्यात तासभर दाबून ठेवा. डाग उठला तर ते सूत दुसऱ्या कामाला. मीठ किंवा व्हिनेगर लावून रंग पक्का होईल, या भरवशावर राहू नका.

१२. इतकी टोकं लपवायची म्हणजे वैताग. गाठ मारून कापलं तर?

नको. गाठ धुण्यात सुटते किंवा उलट बाजूने टोचते. ८० ओळींना प्रत्येक ओळीचा वेगळा रंग घेतला तर १६० टोकं होतात; दोन-दोन ओळींचे पट्टे केले तर ८०. नवशिक्यांनी दोन ओळींचे पट्टेच करावेत. रंग बदलताना जुन्या रंगाच्या शेवटच्या खांबाचे शेवटचे दोन फासे नव्या धाग्याने बंद करा, म्हणजे रंगांची सीमा स्वच्छ येते. बोटभर नाही, वीतभर टोक सोडा. ते त्याच रंगाच्या ओळीतून पुढे, मग मागे, मग परत पुढे असं तीनदा फिरवा. आणि रोज, त्या दिवशीची टोकं त्याच दिवशी. शेवटासाठी ठेवलेली पांघरुणं वर्षानुवर्षं कपाटात अडकलेली मी पाहिली आहेत.

१३. वरची आणि खालची कड सरळ करता येते का?

येते, पण मी क्वचितच करते. लाट कडेपर्यंत दिसली की छान वाटतं. करायचीच असेल तर डोंगराच्या मध्यापासून असे टाके घाला: २ मुके खांब, २ अर्धे, २ खांब, दरीत २ लांब खांब एकत्र बंद, २ खांब, २ अर्धे, २ मुके. दरी पुरती भरली नाही तर याच चढउताराने आणखी एक ओळ. खालच्या कडेला सगळं उलटं असतं: वरून जो डोंगर, तीच तिथली दरी. बाजूंच्या दोन कडांना मुक्या खांबांच्या दोन ओळी पुरतात.

१४. बारशाला देण्यासाठी काही वेगळी काळजी?

हो, आणि ही महत्त्वाची आहे. पहिल्या वर्षात बाळ झोपलेलं असताना त्याच्या पाळण्यात मोकळं पांघरूण ठेवू नये, मग ते कितीही सुंदर असो. नाकातोंडावर येण्याचा धोका असतो. देताना आईला हे स्पष्ट सांगा. मांडीवर घेताना, जमिनीवर अंथरून खेळवताना, कोणी समोर असताना ते वापरावं. गोंडे, झालर, मणी लावू नका. वीण भरीव ठेवा, बाळाचं बोट अडकेल एवढं भोक नको. टोकं प्रश्न १२ प्रमाणे तीनदा फिरवलेलीच हवीत. बाळ आहे म्हटल्यावर आठवड्याला धुणं आलं, तेव्हा मऊ सूत किंवा मऊ ॲक्रिलिक, खरी लोकर नाही.

१५. धुवायचं कसं? पावसाळ्यात काय करायचं?

थंड पाणी, सौम्य साबण, पिळायचं नाही. मोठ्या टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, पाणी निघून जातं. दोरीवर टांगू नका. माझं एक सुती पांघरूण ओलं टांगल्यामुळे जवळजवळ वीतभर लांबलं. खाटेवर किंवा दोन खुर्च्यांवर आडवं पसरा. जून ते सप्टेंबर सुती पांघरूण धुवायचं टाळता आलं तर टाळा. दोन दिवस ओलं राहिलं की कुबट वास धरतं. धुवावंच लागलं तर रात्रभर पंख्याखाली, दर काही तासांनी उलटून. ॲक्रिलिकला इस्त्री कधीही लावू नका. उष्णतेने धागा कायमचा लोळागोळा होतो, पुन्हा उसळी धरत नाही.

१६. कपाटात ठेवताना डांबरगोळ्या टाकू का?

मी टाकत नाही. त्यांतल्या नॅप्थलीनची वाफ धाग्यात राहते. लहान बाळांना, विशेषतः ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम कमी असतं त्यांना, त्याने तांबड्या पेशी फुटण्याचा त्रास होऊ शकतो. पूर्ण वाळलेलं पांघरूण सुती उशीच्या अभ्र्यात ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही. पाऊस संपल्यावर सावलीत, वाऱ्यावर एक दिवस पसरा.

१७. एक पांघरूण व्हायला किती दिवस लागतात?

१५ लाटांची एक ओळ मला साधारण २५ मिनिटं घेते. १४० सेंटिमीटरला सव्वाशेहून जास्त ओळी, म्हणजे ५० तासांच्या वर. रोज तास-दीड तास बसलं तर दीड-दोन महिने. चवथीसाठी द्यायचं असेल तर मृगाच्या आसपास सुरू करा.

१८. कुत्र्याने ओढून मध्येच भोक पाडलं. सगळं उसवावं लागेल?

नाही. क्रोशाची वीण मोज्यासारखी सरसर उसवत जात नाही, ती फक्त शेवटच्या टोकाकडून सहज सुटते. भोकाभोवतीचे सुटे फासे आधी पिनांत धरा. मग खालच्या रंगाने त्या ओळीचे तुटलेले खांब विणून घ्या, धागा पुढच्या ओळीच्या बुडात सुईदोऱ्याने जोडा, आणि वरच्या ओळीला तसंच. त्याच छटेची लोकर उरली नसेल तर जवळच्या छटेची चालते. प्रत्येक पांघरुणाच्या प्रत्येक रंगाचा दोन हात धागा मी एका लिफाफ्यात घालून पांघरुणाबरोबरच देते, तो अशा वेळी उपयोगी पडतो.

१९. आई गेली. तिचं लाटांचं पांघरूण अर्धवट राहिलंय. मला ते पूर्ण करायचंय, पण तिची वीण आणि माझी जुळत नाही.

हा प्रश्न आतापर्यंत तिघींनी विचारलाय, वेगवेगळ्या शब्दांत.

आधी आईचे टाके वाचा. तिच्या एका लाटेत डोंगराच्या मध्यापासून पुढच्या डोंगराच्या मध्यापर्यंत किती खांब आहेत ते मोजा. १४ च असतील असं नाही. १२ किंवा १६ ही असू शकतात, आणि तुम्हाला तिच्याप्रमाणेच जायचंय. तिची सुई सापडली तर उत्तम. नाहीतर वेगळ्या नमुन्यावर ३.५, ४, ४.५ अशा सुयांनी चार-चार ओळी विणा आणि दहा ओळींची उंची तिच्या दहा ओळींशी ताडून बघा. पहिले टाके तिच्या पांघरुणावर घालू नका, रडू येतं आणि हात आवळतो.

शेवटच्या ओळीत ती मध्येच थांबली असेल तर ती ओळ उसवू नका. जिथे तिचा फास थांबलाय तिथूनच सुई घाला. पुढे वीण थोडी घट्ट किंवा सैल दिसेल. एकीने मला विचारलं की हा फरक लपवू कसा. मी म्हटलं, लपवू नकोस. तिने तिथे अबोलीच्या धाग्याची एक ओळ घातली आणि पुढे आईचेच उरलेले गुंडे वापरले. आता तिची मुलं त्या ओळीवर बोट ठेवून विचारतात, आजीचं इथपर्यंत ना?